मदत हवी आहे: ब्रह्मदेश आघाडीवरच्या मराठा जवानाचा रोजचा दिवस

नमस्कार मंडळी. दुसऱ्या महायुद्धातल्या, मणिपूरमध्ये जपान्यांशी झालेल्या १९४४ च्या इंफाळ-सांगशाक लढाईवर एक छोटी श्राव्यनाटिका लिहितोय. मार्च १९४४ मध्ये सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. लढाईचे नकाशे, तारखा ढीगभर मिळतात. जवानाचं रोजचं जगणं मात्र कुणी नीट लिहून ठेवलेलं दिसत नाही.

एवढं माहीत आहे: पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळे खंदकात हत्यार घेऊन सज्ज, कारण हल्ल्याची भीती तेव्हाच जास्त. मलेरियासाठी मेपाक्रिनची गोळी, तीही अधिकाऱ्यासमोर गिळायची. तिनं कातडी पिवळी पडे. १९४३ मध्ये एका जखमीमागे तब्बल १२० आजारी माघारी पाठवावे लागत होते, म्हणजे खरा शत्रू डासच म्हणायचा! सांगशाकला तर पाण्याचेही हाल, आणि विमानातून टाकलेला बराचसा माल जपान्यांच्याच हाती पडला.

आता अडतंय ते इथे. पुढच्या खंदकात चूल पेटवली की धूर दिसणार, मग कणीक-डाळ शिजवायची कुठे आणि कधी? की मागून शिजवून आणत? पावसाळ्यात बूट-मोजे कसे वाळवत? जळवा काढायला मीठ वापरत की विडी? रात्री आवाज न करता पहारा कसा बदलत?

कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांची तिकडून आलेली पत्रं असतील तर फार उपयोग होईल. सेन्सॉरमुळे त्यात ठिकाणं नसतील, चालेल. मला जेवण, पाऊस, कंटाळा हेच हवंय.