व्होल्टेजवर नजर आधी कुठे ठेवायची: ४०० केव्हीवर की शेतातल्या डीपीवर?

गोदाकाठ (धागाकर्ता)

रब्बीचं पाणी सुरू झालं की आपल्याकडे पारावर, हॉटेलात, आठवडी बाजारात एकच तक्रार ऐकू येते: लाईट आहे, पण व्होल्टेज नाही. माझं मत सरळ मांडतो. देशाच्या ग्रीडवर वरच्या अंगाला डोळ्यांत तेल घालून पहारा आहे, पण ११ केव्ही फीडरच्या (सबस्टेशनातून गावाकडे निघणाऱ्या वाहिनीच्या) शेवटच्या डीपीला (शेतातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला) कुणी विचारत नाही. यापुढचा पैसा आधी तिथल्या मोजमापाला लागला पाहिजे.

फ्रीक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) आणि व्होल्टेज (विजेचा दाब) यांची नेहमी गल्लत होते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईनने दक्षिण ग्रीड जोडलं गेलं, तेव्हापासून अख्ख्या देशाची फ्रीक्वेन्सी एकच, ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये धरायची. व्होल्टेज मात्र गावागणिक वेगळं. ४०० केव्हीच्या बसबारवर (सबस्टेशनातल्या मुख्य वाहकावर) नियमाप्रमाणे ३८० ते ४२० च्या आत सगळं सुरळीत असतं आणि त्याच वेळी एखाद्या शिवारात तीन फेजला ४१५ ऐवजी ३३० भरतात. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला मुखाशी पूर्ण विसर्ग आणि टेलला चारी कोरडी, तसलाच हा प्रकार.

मोजायचं तंत्र आपल्याकडे नाही असं नाही. फेजर (व्होल्टेज-करंटचं मूल्य आणि कोन) मोजणारं यंत्र, म्हणजे पीएमयू, १९८८ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया टेकला अरुण फडके आणि जेम्स थॉर्प यांच्या कामातून तयार झालं. फडके मूळचे ग्वाल्हेरचे. स्काडाला (सबस्टेशनांचे आकडे गोळा करणाऱ्या नेहमीच्या यंत्रणेला) आकडा काही सेकंदांनी मिळतो. पीएमयू सेकंदाला २५ आकडे देतो आणि प्रत्येकावर जीपीएसची वेळ असते. देशाचा मोठा भाग अंधारात गेला त्या २०१२ च्या ब्लॅकआउटनंतर पॉवरग्रिडने देशभर ही यंत्रं बसवली. पण ती आहेत वरच्या सबस्टेशनांत. खालचा भार काय करतोय ते त्यांना एकत्रित दिसतं, सुटं दिसत नाही.

आणि व्होल्टेज कोसळतं ते भारामुळे. टोकियोत २३ जुलै १९८७ ला दुपारी उकाड्याने एसीचा भार मिनिटाला ४०० मेगावॉटच्या वेगाने चढला. होते तेवढे कपॅसिटर (व्होल्टेजला आधार देणारी उपकरणं) लावून झाले, तरी व्होल्टेज घसरत गेलं आणि सुमारे ८ हजार मेगावॉट भार, २८ लाख ग्राहक अंधारात गेले. आपल्याकडे एसीच्या जागी पाच आणि साडेसात एचपीच्या मोटारी आहेत, एवढाच फरक.

दुधनाकाठचा शेतकरी

दादा, मोजून काय करायचंय? माझ्या स्टार्टरवरचा काटा रोज मोजायलाय की. हरभऱ्याला पाणी द्यायला गेलं की काटा साडेतीनशेच्या खाली. मोटार नुसती गुंग करते, उचलत नाही. दोनदा दाबलं की ओव्हरलोड पडतो. जबरदस्तीनं चालवली तर वायंडिंग जळतं, आणि रिवायंडिंगचे पैसे द्यायला कुणी येत नाही.

आमच्या डीपीवर जेवढा मंजूर भार त्याच्या दीडपट मोटारी हायेत हे आम्हालाबी माहीत, लाईनमनलाबी माहीत. मोजायचं राहिलंय कुठं? आधी डीपी वाढवा, तारा जाड टाका. मीटर लावून आजार बरा होत नसतो.

निवृत्त ऑपरेटर, परळी

शेतकरी भाऊंची अडचण खरी आहे, पण धागाकर्त्याने दोन वेगळे आजार एकत्र केलेत. लांब, बारीक तारेवर भार पडला की व्होल्टेज कमी होणारच. तो स्थानिक ड्रॉप. ग्रीडची व्होल्टेज स्थिरता म्हणजे त्या भागाला लागणारी रिअ‍ॅक्टिव पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज टिकवायला लागणारी वीज) पुरवायची ताकद किती शिल्लक आहे. ती शेकडो किलोमीटर वाहून आणता येत नाही, जवळच तयार व्हावी लागते. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीच्या वीजकेंद्राचे संच बंद पडले, तेव्हा मेगावॉट बाहेरून आले. पण जवळच्या जनरेटरचा आधार गेला, त्याचं काय? पहारा ठेवायचा तर या शिल्लक आधारावर ठेवा.

दुसरं, आपल्याकडे वर्षातले कितीतरी दिवस उलटाच त्रास असतो. पावसाळ्यात मोटारी बंद, रात्री भार नाही, मग ७६५ आणि ४०० च्या रिकाम्या लाईनींवर व्होल्टेज चढतं. रिअ‍ॅक्टर (चढलेलं व्होल्टेज खाली आणणारी उपकरणं) लावायचे, तरी भागत नसेल तर लाईन उघडायची (बंद करायची). म्हणूनच सोलापूर आणि औरंगाबादच्या पॉवरग्रिड सबस्टेशनांत स्टॅटकॉम (व्होल्टेज गरजेप्रमाणे चढवणारी-उतरवणारी यंत्रं) बसले. तुमच्या डीपीचा मीटर यात काहीही सांगणार नाही.

आणि २०१२ चा दाखला इथे बसत नाही. तेव्हा बीना-ग्वाल्हेर लाईन अतिभाराने सुटली (आपोआप बंद पडली) होती.

गोदाकाठ

काका, लाईन सुटली हे बरोबर. पण कशाने? तिथे फॉल्ट (लाईनवर बिघाड) नव्हताच. करंट जास्त आणि व्होल्टेज कमी, हे गणित झोन तीनच्या रिलेला (लांबवरचा फॉल्ट ओळखून लाईन तोडणाऱ्या उपकरणाला) फॉल्टसारखं दिसलं आणि तिने लाईन उघडली. व्होल्टेजचा संबंध तिथेही आहे.

दोन आजार वेगळे, हेही मला पूर्ण पटत नाही. तुम्ही टॅप चेंजर (ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) हाताळलेत. १३२ वरून ३३ करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप आपोआप चढतो आणि खालचं व्होल्टेज जागेवर आणतो. ऑपरेटरला ३३ चा आकडा ठीक दिसतो. पण व्होल्टेज पडल्याने कमी झालेला भार टॅपने पुन्हा उभा केलेला असतो आणि वरून तेवढी जास्त रिअ‍ॅक्टिव ओढली जाते. ग्रीड आधीच दमलेलं असेल तर हाच टॅप त्याला कड्याकडे नेतो. व्होल्टेजचा आकडा शेवटपर्यंत चांगला दिसतो, खरी धोक्याची खूण तीच आहे. म्हणून नुसतं व्होल्टेज पाहून चालत नाही. टॅप कुठे पोचला, कपॅसिटर किती लागले, आणखी किती भार सोसेल हे पाहावं लागतं.

कपॅसिटरचं तर विचारू नका. त्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. व्होल्टेज १० टक्के पडलं की मदत १९ टक्के कमी, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच तो हात आखडतो. मोटारीला बसवलेले किती कपॅसिटर आज जिवंत आहेत, ते कोणत्याही सबस्टेशनच्या पडद्यावर दिसत नाही. आणि ऑटो स्विच! थ्री फेज लाईट येते त्या क्षणी फीडरवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, प्रत्येक मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. त्या काही सेकंदांत काय होतं ते मीटरच्या पंधरा मिनिटांच्या सरासरीत सापडणारच नाही.

दुधनाकाठचा शेतकरी

ऑटोवर बोलू नका. रात्री १२ ला लाईट येती. त्या टायमाला अंधारात, गाळात, सापाकिरड्यात विहिरीवर जायचं कुणी? माणूस मेला तर? ऑटो आम्ही हौसेनं नाही बसवला. लाईट दिवसा द्या, उद्या काढून टाकतो.

सौर फीडर

दिवसा लाईट हे आता स्वप्न राहिलेलं नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सबस्टेशनजवळच सोलर उभं राहून शेतीच्या फीडरला दिवसा वीज मिळू लागली आहे; वैजापूर तालुक्यातला धोंदलगावचा प्रकल्प त्यातलाच. दिवसा लाईट आली की ऑटोचा निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

पण यातून नवीन प्रश्न येतोय आणि या चर्चेत तो कुणीच घेतला नाही. पावसाळ्यात मोटारी बंद आणि सोलर जोरात, तेव्हा ११ केव्हीचं व्होल्टेज वर जाणार. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये २८ एप्रिल २०२५ ला सगळी वीज बंद पडली ती व्होल्टेज पडून नाही, चढून. व्होल्टेज वाढलं म्हणून प्रकल्प सुटले, सुटल्यामुळे व्होल्टेज आणखी वाढलं आणि साखळी लागली. तिथले बरेच सौर-पवन प्रकल्प ठराविक पॉवर फॅक्टरवर चालत होते, व्होल्टेज सांभाळायचं काम त्यांच्याकडे नव्हतं. आपल्या प्रकल्पांचे इन्व्हर्टर रिअ‍ॅक्टिव देऊही शकतात आणि घेऊही शकतात. माझ्या मते पहिलं मोजमाप तिथे हवं, डीपीवर नाही. जिथे मोजाल तिथेच लगेच दुरुस्तीही करता येईल.

निवृत्त ऑपरेटर, परळी

हे मला पटतं. हातात कळ नाही तिथे नुसता आकडा घेऊन ऑपरेटर करणार काय? इन्व्हर्टरला हुकूम देता येतो, डीपीला देता येत नाही. टॅपचा मुद्दाही मान्य. व्होल्टेज खचत असताना टॅप रोखायची सोय हवी आणि टॅपची जागा लोड डिस्पॅचला (ग्रीडच्या नियंत्रण केंद्राला) दिसायला हवी. पण तोही सबस्टेशनातलाच विषय झाला. डीपीपर्यंत जायची गरज यातून सिद्ध होत नाही.

लातूरची ग्राहक

या सगळ्या मीटरांचा खर्च शेवटी बिलातच येणार ना? ते कुणी बोलत नाही.

गोदाकाठ

ताई, खर्चाचा प्रश्न रास्त आहे. पण केंद्राच्या २०२१ च्या आरडीएसएस (वीज वितरण सुधारण्याच्या) योजनेत फीडर आणि डीपीचे मीटर धरलेलेच आहेत. ते मीटर युनिटबरोबर सरासरी व्होल्टेजही नोंदवतात. हे आकडे गळती शोधायलाच वापरले आणि व्होल्टेजचा रकाना तसाच पडून राहिला, तर खर्च होऊनही काम अर्धंच. मी प्रत्येक डीपीला नवीन यंत्र मागत नाही. प्रत्येक फीडरच्या शेवटच्या एका डीपीचा व्होल्टेजचा रकाना रोज उघडून बघा, आणि तिथे काही सेकंदांचा आकडा पकडणारा एक मीटर ठेवा. मोटारी उठतानाची घसरण त्यातच दिसेल.

काका, कळ नाही म्हणता, पण ११ केव्हीचा कपॅसिटर बँक ही कळच आहे. तो कुठे बसवायचा, किती वाजता लावायचा, हे टेलचा आकडा नसेल तर अंदाजानेच ठरतं.

दुधनाकाठचा शेतकरी

मग असं करा. शेवटच्या डीपीवर मीटर लावता त्याच दिवशी तिथल्या सगळ्या मोटारींना चांगले कपॅसिटर बसवून द्या, आणि महिनाभराचे आकडे गावात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. आमच्या डीपीपासून सुरुवात करायची असंल तर जागा दाखवायला मी येतो. पण निस्तं मीटर आणलं तर खांबाला हात लावू देणार नाही.