सेवा प्रकल्प : शाळेत आरोग्य तपासणी करून खरंच काही उपयोग होतो का?

शेवटचं_सेमिस्टर :
नमस्कार सगळ्यांना. आमचा सात जणांचा ग्रुप आहे, तिघी नर्सिंगच्या, दोघं विज्ञानाचे आणि दोघी शिक्षणशास्त्राच्या. जे शिकलो ते आसपासच्या वस्तीत वापरायचं असा सेवा प्रकल्प आहे, हातात १४ आठवडे, दर शनिवारी अर्धा दिवस. गाईड सरांचं म्हणणं की एका शाळेत आरोग्य शिबिर घ्या, उंची-वजन, डोळे, हिमोग्लोबिन सगळं तपासा आणि शेवटी स्वच्छतेवर व्याख्यान ठेवा. पण मला मनातून पटत नाहीये. मागच्या बॅचने अगदी हेच केलं होतं, फोटो छान आले, रिपोर्टही जाडजूड झाला, आणि नंतर मी काही कामाने त्याच शाळेत गेले तर तिथल्या बाईंनी विचारलं की ज्या मुलांना "डोळे दाखवा" म्हणून चिठ्ठी दिली होतीत त्यांचं पुढे काय झालं? मला काहीच सांगता आलं नाही, फार वाईट वाटलं. तर आम्ही नेमकं काय करावं, ज्यांनी असं काम केलंय त्यांनी प्लीज सांगा.

रात्रपाळी :
मी सामुदायिक आरोग्यात बरीच वर्षं नर्स आहे. तुला जे टोचतंय ते बरोबर टोचतंय, ते सोडू नकोस.
जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली विल्सन आणि युंग्नर या दोघांची तपासणीबद्दलची दहा तत्त्वं छापली, ती आजही शिकवतात, तुमच्याही अभ्यासात असतील. त्यातली दोन साधी आहेत. जे शोधताय त्यावर मान्य उपचार हवा, आणि तो उपचार मिळण्याची सोय हवी. म्हणजे पुढची सोय नसेल तर नुसतं शोधत बसायचं नाही, कारण आईबापांच्या जिवाला घोर लागतो आणि पोराच्या हातात काहीच पडत नाही.
म्हणून चार गोष्टी तपासू नका, एकच घ्या. डोळे घ्या. आणि तक्ता हातात घ्यायच्या आधी जवळच्या नेत्र विभागात जाऊन बसा, आम्ही मुलं पाठवली तर कोणत्या वारी बघाल, चष्मा कुठून मिळेल, कितव्या ओळीला अडलेलं मूल पाठवायचं हे सगळं त्यांच्याकडून लिहून घ्या. याला तीन शनिवार गेले तरी चालतील.
तपासताना तक्ता ६ मीटरवर, अंतर टेपने मोजून, पावलांनी नाही. उजेड चांगला हवा. एकेक डोळा वेगळा, दुसऱ्यावर तळहाताची वाटी करून झाकायचं, डोळा दाबायचा नाही (दाबला की नंतर त्या डोळ्याने थोडा वेळ अंधुकच दिसतं आणि तुमचा आकडा चुकतो). लहान मुलांना अक्षरं येत नसतात, त्यांच्यासाठी इंग्रजी ई (E) चा तक्ता असतो, त्याचे पाय कुठल्या बाजूला ते मूल बोटांनी दाखवतं.
अजून एक. आमच्या एका कामात चष्मे मिळाले आणि महिन्याने गेलो तर निम्मी पोरं घालत नव्हती, वर्गातली बाकीची चिडवायची म्हणून. आमचीच चूक, आम्ही फक्त चष्मेवाल्या मुलांशी बोललो होतो, अख्ख्या वर्गाशी बोलायला हवं होतं. तेव्हा रिपोर्टात "इतकी मुलं तपासली" लिहू नका, दोन महिन्यांनी किती मुलं चष्मा लावून बसलीयत ते मोजा.

पाटीवरची_बाई :
मी प्राथमिकला शिकवते. ताईंनी डोळ्यांचं सांगितलंच आहे, मी तुमच्यातल्या शिक्षणशास्त्राच्या दोघींसाठी लिहितेय, नाहीतर त्या नुसत्या नावं लिहून घेत बसतील.
वाचन बघा. एकेका मुलाला बाजूला घेऊन, इतरांसमोर नाही, आधी सोपा परिच्छेद द्यायचा, जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. 'प्रथम' नावाच्या संस्थेच्या 'असर' या शिक्षणाच्या पाहणीत २००५ पासून साधारण असंच करतात, एका मुलाला काही मिनिटं लागतात. मग इयत्ता बाजूला ठेवून जे मूल जिथे अडलंय त्या पातळीचे गट करायचे आणि रोज थोडा वेळ त्याच पातळीचं काम. पाचवीतला मुलगा शब्दांच्या गटात बसला तरी बिघडत नाही, फक्त त्या गटाला "कच्ची मुलं" वगैरे नाव पडू देऊ नका, एकदा पडलं की पुसत नाही. आणि तुम्ही शनिवारीच येणार, तर रोजचं काम वर्गशिक्षिकेलाच करावं लागणार आहे, म्हणून तिला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, आयतं बनवून तिच्या टेबलावर ठेवू नका.
आणि हे डोळ्यांना जोडून. जे मूल हातातल्या कागदावरचं घडाघडा वाचतं पण फळ्यावरचं उतरवताना चुकतं किंवा शेजारच्याच्या वहीत डोकावतं, त्याचं नाव डोळ्यांच्या यादीत सगळ्यात वर. आम्ही अशा मुलांना वर्षानुवर्षं "लक्ष नाही याचं" म्हणत राहतो, मीसुद्धा म्हटलंय.

मीठसाखर :
व्याख्यानाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो, ते काढूनच टाका. बांगलादेशात ब्रॅक संस्थेने १९८० ते १९९० या काळात घरोघरी जाऊन जुलाबावर मीठ-गुळाचं पाणी कसं करायचं ते शिकवलं, एक कोटीहून जास्त घरांत, आणि शिकवणाऱ्या बायांचा मोबदला ठरायचा तो नंतर दुसऱ्याच माणसाने जाऊन काही आयांना विचारल्यावर त्यांना किती आठवतंय त्यावरून. किती घरं झाली यावरून नाही!! आणि आईने ते द्रावण स्वतःच्या हाताने बनवायचं असायचं.
तुम्हाला पालकसभा घ्यायचीच असेल तर तेच करा. एक लिटर पिण्याचं स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, पालकांनाच बनवू द्या, तुम्ही हात मागे बांधून उभं राहा. मीठ जास्त पडलं तर मुलाला धोका असतो, त्यामुळे चमचा सपाट करणं हाच खरा धडा. तयार पुडी मिळत असेल तर तीच चांगली, पण बरीच माणसं अख्खी पुडी ग्लासभर पाण्यात टाकतात, पुडीवर जितकं पाणी लिहिलंय तितकंच घ्यायचं आणि २४ तासांनी उरलेलं फेकायचं. आणि सोबत हेही सांगा की मूल मलूल पडलं, पाणी पोटात ठरेना, शौचात रक्त दिसलं तर घरी थांबायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. दोन आठवड्यांनी त्यातल्या दहा जणांना परत गाठून विचारा.

कागदपत्र :
पालकांची लेखी संमती आधी घ्या. मुलांचे फोटो तर विचारल्याशिवाय अजिबात नकोत. आणि उंची-वजन केलंच तर आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने ओरडून सांगू नका, आमच्या शाळेत सांगितला होता, तो दिवस मी अजून विसरलेली नाही.

शेवटचं_सेमिस्टर :
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री ग्रुपमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं सगळं. हिमोग्लोबिन काढलं, व्याख्यान काढलं. डोळे आणि वाचन ठेवतोय, आणि पाटीवरच्या बाईंनी सांगितलेला फळा-कागदाचा फरक आम्ही दोन्ही याद्या जोडायला वापरणार आहोत. चिठ्ठीबद्दल विचारणाऱ्या त्या बाईंनाच आज फोन केला, मागच्या वर्षीच्या मुलांची नावं त्यांनी वहीत जपून ठेवलीयत, तर सुरुवात त्याच मुलांपासून करायची ठरलंय, नवीन तपासणी नंतर. गाईड सरांना सांगणं बाकी आहे, त्यांना आकडा मोठा हवाय आणि आमचा छोटा असणार. रात्रपाळी ताई, ते नेत्र विभागाकडून लिहून घ्यायचं पत्र साधारण कसं असावं, जमलं तर मुद्दे सांगाल का?

रात्रपाळी :
सांगते ना. कोणता वार, एका दिवशी किती मुलं, सोबत कोण येणार, चष्म्याचा खर्च कोण करणार, आणि मूल आलं नाही तर तुम्हाला कोण कळवणार. शेवटचं सगळे विसरतात, ते आधी लिही.