मुलींच्या सेवाप्रकल्पात मार्गदर्शकाने कुठवर बोलावे?

प्रश्न (कोथरूड)

नमस्कार. आमच्या सोसायटीतल्या नववीच्या सहा मुली दोन महिन्यांपासून एक सेवाप्रकल्प आखत आहेत आणि मार्गदर्शक म्हणून मी दर रविवारी त्यांच्यासोबत बसते. वापरलेले सॅनिटरी पॅड कचऱ्यात उघडेच टाकले जातात आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना ते हाताने वेगळे करावे लागतात, हे मुलींनीच पाहिले आणि विषयही त्यांनीच निवडला. भित्तिपत्रके तयार झाली. सोसायटीच्या सभेत पाच मिनिटे बोलू द्यावे, अशी विनंती करायला त्या सेक्रेटरींकडे गेल्या, तेव्हा हा विषय मुलींनी चारचौघांत काढायचा नसतो, असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. तेव्हापासून त्या मला म्हणतात, "काकू, तुम्हीच बोला ना." मी बोलले तर परवानगी मिळेल, हे मला ठाऊक आहे, पण मग तो प्रकल्प मुलींचा राहील का?

उत्तर १ (विश्रांतवाडी, माजी गाइड कॅप्टन)

ताई, तुम्ही बोलू नका, असे मी आग्रहाने सांगेन. आमच्या भागात १९६६ पासून गर्ल गाइड्सचे 'संगम' हे जागतिक केंद्र आहे, त्यामुळे इतर देशांत मुलींकडून काय अपेक्षा केली जाते, याची मला उत्सुकता असे. अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्सच्या गोल्ड अवॉर्ड या सर्वोच्च पुरस्कारासाठी साधारण ८० तासांचे काम अपेक्षित असते. मुलीने प्रश्नाच्या मुळाशी जावे आणि तिच्यानंतरही काम चालू राहील अशी सोय करावी, यावर तिथे भर असतो. मोठ्यांनी सल्ला द्यायचा, पुढाकार मुलीचाच.

म्हणून मला आधी हे विचारावेसे वाटते की, भित्तिपत्रके रंगवण्यापूर्वी मुली कचरा नेणाऱ्या ताईंशी बोलल्या होत्या का? माझ्या गटातल्या मुलींनीही हाच विषय घेतला होता. त्या आपल्याकडच्या ताईंशी बोलल्या, तेव्हा त्यांना अगदी अनपेक्षित गोष्ट कळली. बऱ्याच घरांतून पॅड कागदात गुंडाळूनच येत होते, पण पुडीवर खूण नसल्यामुळे आत काय आहे, हे पाहण्यासाठी ताईंना ती उघडावी लागत होती. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचकांनी पुडीवर लाल ठिपक्याचा आग्रह धरला, तो याचसाठी. मग मुलींनी भाषणाचा बेत सोडला, जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या चिकटवल्या, प्रत्येकीवर लाल स्केचपेनने ठसठशीत ठिपका काढला आणि दहा-दहाचे गठ्ठे घरोघरी दिले.

शिवाय घनकचरा व्यवस्थापन नियमांनी असा कचरा नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी घरांवरच टाकली आहे. मुलींनी त्याचा उल्लेख करून स्वतःच्या सह्यांचा अर्ज द्यावा. अर्जाचा मसुदा मात्र तुम्ही लिहून देऊ नका. शुद्धलेखन चुकले तरी चालेल.

उत्तर २ (सिंहगड रस्ता, पालक)

कॅप्टनताईंचे बहुतेक म्हणणे मला पटते, पण एका ठिकाणी मी वेगळे म्हणेन. माझी मुलगी अशाच एका प्रकल्पासाठी एकटी बोलायला गेली होती आणि मोठ्या माणसांच्या हसण्याने इतकी खचली की, पुढे कित्येक महिने तिने कुठल्याच कामात पुढाकार घेतला नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला असा अपमान एकटीने झेलायला लावणे म्हणजे नेतृत्व शिकवणे नव्हे. बोलणे मुलींचेच असू द्या, पण तुम्ही त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसा आणि कुणी मर्यादा सोडली तर तिथेच थांबवा. पालकांची लेखी संमतीही आधीच घ्या.

सभेचाच हट्ट कशाला, असेही वाटते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरोघरच्या बायका एकत्र येतातच आणि गुंडाळण्याची सवय शेवटी त्यांच्याच हातात आहे.

प्रश्नकर्ती

दोघींचे मनापासून आभार. काल मुलींना एवढेच विचारले, "ताईंना काय हवे आहे, हे आपल्याला नक्की माहीत आहे का?" बराच वेळ कुणी बोलले नाही. आज सकाळी सात वाजता त्यांतल्या चौघी वही घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. ताईंनी त्यांना सांगितले की, पुड्या वेगळ्या पिशवीत मिळाल्या तर त्यांचा वेळही वाचेल. हळदीकुंकवाला कोणी काय बोलायचे, हे मुली येत्या रविवारी ठरवणार आहेत. सेक्रेटरींना द्यायचा अर्जही त्याच लिहीत आहेत. तो देताना मी सोबत असेन.