प्रति: रात्रपाळीत ऑटोक्लेव्हवर काम काय असतं?

वर एकाने लिहिलंय की ऑटोक्लेव्ह (दाब आणि उष्णता देऊन कंपोझिट पार्ट पक्का करणारी बंद भट्टी) एकदा लावला की ऑपरेटर सकाळपर्यंत मोकळा. क्युअर, म्हणजे रेझिन तापवून कडक करणं, सुरू झाल्यावर पुष्कळ काम कंट्रोलरच करतो हे खरं, पण त्याच्या आधीचं कोणी बोललंच नाही भाऊ. प्रीप्रेगचा, म्हणजे आधीच रेझिन भरलेल्या फायबरच्या कापडाचा, रोल उणे 18 डिग्रीच्या फ्रीजरमधून काढला की बॅग सीलबंद ठेवूनच रूम टेंपरेचरला येऊ द्यावा लागतो, घाईने फोडली तर मटेरियलवर दव धरतं आणि तेच पाणी पुढे 180 डिग्रीला वाफ होऊन पार्टमध्ये पोकळ्या पाडतं.

मी नागपूरजवळ हिंगण्याकडे एका कंपनीत होतो, जुलैची रात्र, बाहेर धो धो पाऊस, ले-अप रूमचा (जिथे प्रीप्रेगचे थर रचतात) एसी बंद पडलेला, आणि डिस्पॅच आहे म्हणून सुपरवायझरने रोल लवकर उघडायला लावला. बॅगवर बोट फिरवलं तर ओलं लागत होतं, मी सांगितलंही, पण ऐकतो कोण. अल्ट्रासोनिक तपासणीत (ध्वनिलहरींनी आतल्या पोकळ्या शोधतात) पार्ट रिजेक्ट झाला आणि कामाच्या कार्डावर सही माझी. आपल्याकडे मे महिन्यात 45 डिग्री असलं तरी हवा कोरडी, खरा धोका पावसाळ्यात. तेव्हापासून बॅग बाहेरून पूर्ण कोरडी झाल्याशिवाय मी कटर लावतच नाही, कोणी कितीही ओरडो.