भाड्याच्या फ्लॅटचा महिन्याचा हिशेब बसत नाही

कोथरूडकर: पुण्यात टू बीएचके भाड्याने दिलाय. भाडे 24,000, मेंटेनन्स मीच भरतो. कर्ज 40 लाख बाकी, 20 वर्षे, फ्लोटिंग (बदलता दर) 8.5%, हप्ता साधारण 34,700. मेंटेनन्स 3,500, शिवाय मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी 1,500 बिनभोगवटा शुल्क लावते. मिळकतकर वर्षाला 14,000. म्हणजे महिन्याला जवळजवळ 17,000 खिशातून. फ्लॅट विकायचा नाही. कुठे कात्री लावता येईल?

हिशेबनीस: आधी बिनभोगवटा शुल्क. सहकारी गृहनिर्माण संस्थेला सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. 1 ऑगस्ट 2001 चा शासनादेश आहे. सेवाशुल्क म्हणजे अख्खे 3,500 नव्हेत. सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी), दुरुस्ती निधी, पाणी हे वगळा. समजा 2,200 उरले, तर शुल्क 220. बिलाची फोड लेखी मागा, कमिटीला पत्र द्या, पोच घ्या. ऐकले नाही तर उपनिबंधकांकडे तक्रार. मात्र तुमची 'सोसायटी' कागदावर सहकारी संस्था नसून अपार्टमेंट कायद्याखालची असेल (पुण्यात अशा खूप आहेत), तर हा आदेश लागू नाही. डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत अपार्टमेंट म्हणून जाहीर करणारा नोंदणीकृत दस्त) आहे का, काढून बघा.

व्याजदर_८: खरा पैसा कर्जात अडकलाय. त्याच बँकेचा नव्या ग्राहकांसाठीचा दर बघा. तुमचा स्प्रेड (मूळ दरावर बँक लावते ती जादा टक्केवारी) जास्त असेल तर रूपांतर शुल्क भरून कमी करून मिळतो. 8 टक्क्यांवर आलात तर हप्ता 33,450 च्या आसपास. पण इथेच बहुतेक जण फसतात: दर उतरला की बँक हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते. तुम्हाला महिन्याची रोकड हवी आहे, म्हणून 'मुदत तीच, हप्ता कमी' असे लेखी द्या. मुद्दल आधी भरतानाही तेच लेखी द्या. 2 लाख भरले तर हप्ता सुमारे 1,700 ने उतरतो, आणि वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड नसतो.

कोथरूडकर: म्हणजे बोनस मुदत कमी करायला वापरू नये?

व्याजदर_८: एकूण व्याज वाचवायचे असेल तर मुदत कमी करणेच बरे. पण महिन्याची तंगी असताना तो चैनीचा पर्याय आहे.

करसल्ला_पुणे: कराचा भाग. 2,88,000 भाड्यातून प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा, उरलेल्यावर 30% सरसकट वजावट, मग व्याज (पहिल्या वर्षी सुमारे 3.37 लाख). सुमारे 1.45 लाख तोटा दिसतो. जुन्या करपद्धतीत तो पगारातून वजा होतो, वर्षाला कमाल 2 लाखांपर्यंत. नव्या पद्धतीत पगारातून होत नाही, म्हणून दोन्हीकडे मांडून बघा. मिळकतकर 31 मार्चच्या आत भरा, थकवलेला वजा होत नाही. मेंटेनन्सची वेगळी वजावट नाही. तो भाडेकरूने थेट सोसायटीला भरावा आणि भाडे तेवढे कमी ठेवावे, असा करार केल्यास करपात्र भाडे घटते.

हिशेबनीस: आणि हिशेब 11 महिन्यांच्या भाड्याचाच धरा. एक महिना रिकामा किंवा दलालीत जातोच. करार 33 महिन्यांचा करून दर 11 महिन्यांनी 5% वाढ लिहा. मुद्रांक एकूण भाड्याच्या 0.25%, शिवाय डिपॉझिटवर वर्षाला 10% धरलेल्या व्याजावर तोच दर. शहरात नोंदणी 1,000. तीनदा करार करण्यापेक्षा दोनदा नोंदणी आणि दलालाची खेप वाचते. डिपॉझिट मात्र वेगळ्या खात्यात ठेवा. हप्त्यात गेले की भाडेकरू निघताना परत द्यायला उसने काढावे लागतात.

कोथरूडकर: बिल बघितले. सेवाशुल्क 2,050 निघाले. पत्र तयार करतो.