मदत हवी आहे : ऐकलेल्या पुस्तकावर मत कसं द्यावं?

नमस्कार मंडळी,

वाचलेल्या पुस्तकाबद्दल लिहायला मला अडचण येत नाही. समासात पेन्सिलीच्या खुणा असतात, हवं ते पान पुन्हा उघडता येतं. हल्ली मात्र ऐकणंच जास्त होतं, आणि ऑडिओबुकवर मत द्यायची वेळ आली की मी अडखळते. कंटाळा आला तो लेखकामुळे की वाचणाऱ्यामुळे, हेच ठरत नाही. त्यातून मी वेग वाढवून ऐकते. मग लेखकाने मुद्दाम संथ ठेवलेल्या प्रसंगाला रटाळ म्हणणं अन्यायाचं वाटतं.

सध्या शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' पुन्हा वाचतेय, छापील. १९६७ सालची ही कादंबरी कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या तोंडून उलगडते. वाचताना प्रत्येकाचा सूर मनात आपोआप वेगळा लागतो. अशी कादंबरी ऐकायची तर एकच आवाज असावा की प्रत्येकाला वेगळा? मला एकच आवाज भावतो. पार्श्वसंगीत आणि नाट्यमय हुंदके आले की काय वाटायला हवं ते कुणीतरी आधीच ठरवून दिलंय असं होतं. कुंतीचं मन तरी मला माझं मलाच ऐकू द्या!

तुम्ही पुस्तक आणि अभिवाचन यांवर वेगवेगळं मत देता का? ऐकताना टिपणं कशी ठेवता? आणि नुकतंच ऐकलेलं, आवाजामुळे अधिक खुललेलं एखादं मराठी पुस्तक सुचवाल का? का खुललं तेही नक्की लिहा.