मदत हवी आहे: पावसाळ्यात अंथरूण लगेच आवरावं की उघडं ठेवावं?

मंडळी, मुलाला (वय ८) डस्ट माइटची (अंथरुणात, धुळीत राहणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) ॲलर्जी आहे, टेस्ट झालीये, औषधं चालू आहेत, त्यामुळे प्रश्न फक्त अंथरुणाचा. २००५ मध्ये लंडनच्या किंग्स्टन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी म्हटलं होतं की सकाळी बेड उघडाच ठेवला तर रात्रीचा घामाचा ओलावा सुकतो आणि हे किडे हवेतला ओलावा शोषूनच जगत असल्यामुळे कमी होऊ शकतात. पण ते तिकडच्या हवेचं झालं, इथे मुंबईत जुलैमध्ये बाहेरच ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता, मग सुकणार कसं?

चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० डिग्रीला धुतो, गादीला माइट अडवणारं झिप कव्हर घातलंय. गादी उन्हात टाकायला गच्ची मिळत नाही आणि खोली एकच, सोफा-कम-बेड नऊपर्यंत मिटवावाच लागतो, सासूबाईंना पसारा बघवत नाही आणि त्यांचंही बरोबरच आहे, बसायला दुसरी जागाच नाही. एसीला ड्राय मोड (हवेतला ओलावा कमी करणारा) आहे.

तर मिटवायच्या आधी खिडकी उघडून पंख्याखाली पसरून ठेवणं बरं की खिडकी बंद करून अर्धा तास ड्राय मोड? घरात आर्द्रता मोजून कोणी दोन्ही करून पाहिलंय का?